रिक्षाचालक आणि फेरीवाल्यांचं १५०० रुपयांचं कोरोना अनुदान (महाराष्ट्र, २०२१)

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्र सरकारने हातावर पोट असलेल्या काही गटांना प्रत्येकी १५०० रुपये एकदाच, थेट बँक खात्यात द्यायचं जाहीर केलं. सरकारी कागदावर याचं नाव सानुग्रह अनुदान. यात परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरेलू कामगार असे चार गट होते. त्यातले पहिले दोन म्हणजे खऱ्या अर्थाने स्वतःचा धंदा करणारे, ज्यांना मालक नाही, पगार नाही, हजेरीचं मस्टर नाही, पीएफ नाही, आणि ज्या दिवशी गाडी किंवा हातगाडी बाहेर निघाली नाही त्या दिवशी घरात शून्य रुपये. ही नोंद मुख्यतः त्या दोघांबद्दल आहे. रक्कम छोटी होती पण अशा लोकांपर्यंत सरकारला पैसे पोचवता येतात का, आणि पोचवता येत नसतील तर नेमकं कुठे अडतं, हे या एका योजनेत जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं क्वचितच कुठे दिसतं.

पार्श्वभूमी

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मुंबईची लोकल बंद झाली, आणि रिक्षाचा धंदा तिथेच बसला, कारण उपनगरातला रिक्षावाला जगतो तोच मुळी स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांवर. १५ जून २०२० पासून लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ पासून ठराविक वेळेत प्रवेश मिळाला, आणि जरा कुठे घडी बसतेय तोवर एप्रिलमध्ये परत दार बंद. दोन डोस झालेल्यांना लोकल खुली झाली ती थेट १५ ऑगस्ट २०२१ ला. म्हणजे जवळजवळ दीड वर्षातले जेमतेम अडीच-तीन महिने सोडले तर स्टेशनबाहेरची रांग रिकाम्या रिक्षांचीच होती.

त्यात आणखी एक गोष्ट. २०१७ मध्ये राज्याने रिक्षा परमिटवरची संख्येची मर्यादा उठवली होती आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी कर्ज काढून नवीन रिक्षा घेतल्या होत्या, त्यामुळे कोरोना आला तेव्हा अनेकांचे हप्ते चालूच होते. पहिल्या लाटेत रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असा सहा महिने हप्ते पुढे ढकलायचा पर्याय दिला, पण हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नाही, आणि दुसऱ्या लाटेत तर अशी सरसकट सवलत नव्हतीच. केंद्राने एक काम मात्र नीट केलं, १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेली लायसन्स, परमिट, फिटनेस वगैरे कागद वेळोवेळी मुदतवाढ देत शेवटी ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वैध धरले, त्यामुळे निदान पासिंगसाठी लगेच पैसे उभे करायची वेळ टळली. हा दिलासा खरा होता, पण त्याने चूल पेटत नाही.

घोषणा

१३ एप्रिल २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 'ब्रेक द चेन' या नावाने कडक निर्बंध जाहीर केले, १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून १ मे पर्यंत, आणि त्याच भाषणात ५४७६ कोटींचं पॅकेज सांगितलं. यात अन्नसुरक्षा योजनेतल्या सुमारे ७ कोटी लोकांना महिनाभर माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ मोफत, ५ रुपयांची शिवभोजन थाळी महिनाभर फुकट, निराधार योजनांमधल्या लोकांना आगाऊ पैसे, आदिवासी कुटुंबांना खावटीचे, म्हणजे पोटापाण्याच्या मदतीचे, २००० रुपये, असं बरंच काही होतं. पॅकेजचा मोठा हिस्सा, ३३०० कोटी, जिल्हा पातळीवर कोविडच्या उपाययोजनांसाठी होता, लोकांच्या हातात जाणारा पैसा नव्हता. रोख मदतीत १२ लाख रिक्षाचालक, ५ लाख फेरीवाले, १२ लाख बांधकाम कामगार आणि २५ लाख घरेलू कामगार असे आकडे सांगितले गेले.

१५०० म्हणजे किती हे समजायचं तर मीटरकडे बघावं. १ मार्च २०२१ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं १८ वरून २१ रुपये झालं होतं, म्हणजे ही मदत साधारण एकाहत्तर किमान भाड्यांएवढी, आणि त्यातून गॅसचा खर्च वजा केलेला नाही. निर्बंध पंधरा दिवसांचे म्हणून जाहीर झाले, मग १५ मे पर्यंत वाढले, मग १ जून, आणि टप्प्याटप्प्याने शिथिल झाले ते ७ जूनपासून. मदत मात्र एकदाच. दिवसाला शंभर रुपये या हिशोबाने पंधरा दिवसांचे पंधराशे असं धरलं तरी प्रत्यक्ष निर्बंध त्याच्या तिप्पट चालले.

निर्बंधांच्या काळात रिक्षा पूर्ण बंद नव्हती, चालक आणि दोन प्रवासी अशी परवानगी होती. त्यामुळे "रिक्षा तर चालू आहे मग मदत कशाला" असं म्हणणारेही होते. पण ऑफिसं बंद, शाळा बंद, लोकल बंद, बाजार सकाळचे काही तास, मग त्या रिक्षात बसणार कोण? धंदा करायची परवानगी असणं आणि धंदा असणं यात फरक आहे, आणि स्वयंरोजगारवाल्यांच्या मदतीचा विचार करताना हा फरक लक्षात घेतला नाही तर सगळं गणितच चुकतं.

पैसे मिळायची पद्धत

रिक्षाचालकांसाठी परिवहन विभागाने ऑनलाइन अर्जाची सोय केली आणि ती मे महिन्याच्या उत्तरार्धात सुरू झाली. गाडी नंबर, लायसन्स नंबर, आधार नंबर भरायचा, आरटीओच्या कॉम्प्युटरमधल्या रेकॉर्डशी ते आपोआप ताडून बघितलं जायचं, आणि जुळलं की आधारला जोडलेल्या बँक खात्यात पैसे. आरटीओत रांग लावायची नाही, झेरॉक्सची फाइल द्यायची नाही. हे चांगलंच होतं, साथीच्या काळात हजारो माणसं एका कार्यालयाबाहेर गोळा करणं हा वेडेपणा झाला असता.

अडचण पुढे येते. आधारला मोबाईल लिंक नाही, बँक खात्याला आधार जोडलेलं नाही, रेकॉर्डमध्ये नावाचं स्पेलिंग वेगळं, अशा साध्या कारणांनी अर्ज अडतो, आणि ते दुरुस्त करायला जायचं तर आधार केंद्रं आणि बँका त्या दिवसांत अर्ध्या क्षमतेने चाललेल्या. ज्याला स्वतःला फॉर्म भरता येत नाही तो सायबर कॅफेवाल्याकडे किंवा युनियनच्या ऑफिसात जाणार. रिक्षा संघटनांनी अनेक ठिकाणी फॉर्म भरून द्यायची टेबलं लावली, आणि या योजनेचं जे काही यश आहे त्यात या टेबलांचा वाटा मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

परमिट कोणाचं, स्टिअरिंग कोणाच्या हातात

घोषणेत १२ लाख रिक्षाचालक म्हटलं होतं पण प्रत्यक्ष मंजुरी झाली ती सुमारे ७ लाख १५ हजार परवानाधारकांसाठी, सुमारे १०७ कोटी रुपयांची. हा फरक कशाने पडतो ते समजून घ्यायला रिक्षाचा धंदा कसा चालतो ते माहीत पाहिजे. रिक्षात दोन वेगळे कागद असतात, एक परमिट जे गाडीवर असतं आणि एक बॅज जो ड्रायव्हरचा असतो. बऱ्याच रिक्षा शिफ्टवर चालतात, मालकाचं परमिट, दिवसा एक ड्रायव्हर, रात्री दुसरा, आणि दोघं मालकाला ठरलेली रक्कम देऊन वर उरेल ते आपलं म्हणून घरी नेतात. काही घरांत परमिट वडिलांच्या नावावर आणि गाडी मुलगा चालवतो. १५०० रुपये परमिटवर होते. म्हणजे ज्याच्या नावावर परमिट आहे त्याला मिळणार, आणि बॅज घेऊन दुसऱ्याची गाडी शिफ्टने चालवणारा, जो या सगळ्या साखळीत सगळ्यात कच्चा दुवा आहे, तो योजनेच्या बाहेर. दिल्लीने हे वेगळं केलं, तिथे २०२० मध्येच ऑटो-टॅक्सी चालकांना ५००० रुपये दिले गेले आणि तिथे ड्रायव्हरचा बॅज हाच आधार धरला होता, त्यामुळे भाड्याने गाडी चालवणाराही यादीत आला. महाराष्ट्रातही आरटीओकडे बॅजचं रेकॉर्ड असतंच, त्यामुळे हे करता आलं नसतं असं म्हणता येत नाही.

फेरीवाले

इथे तर प्रश्न आणखी खोल. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ चा, त्यात प्रत्येक शहराने सर्वेक्षण करायचं, टाउन व्हेंडिंग कमिटी (शहराची फेरीवाला समिती) नेमायची आणि प्रमाणपत्र द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि छाननीनंतर पात्र ठरले ते साधारण १५ हजार. अधिवासाचा दाखला नाही, अमुक कागद नाही, म्हणून बाकीचे गळाले, आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालू राहिला. आता अशा यादीवर उभं राहून "नोंदणीकृत फेरीवाल्यांना मदत" म्हटलं की काय होणार ते उघड आहे. रोज त्याच कोपऱ्यावर वडापाव, भाजी, कंगवे-रुमाल विकणारा, पुण्यात पथारी टाकून बसणारा, ज्याला सगळा मोहल्ला नावाने ओळखतो, त्याला सरकार ओळखत नाही. तो पालिकेच्या कारवाईच्या गाडीला मात्र बरोबर दिसतो.

केंद्राची पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० ला आली आणि तिने निदान यादी मोठी करायचा रस्ता उघडला. २४ मार्च २०२० च्या आधीपासून धंदा करणाऱ्याला, प्रमाणपत्र नसेल तरी पालिकेच्या शिफारस पत्रावर, तेव्हा १० हजार रुपयांचं विनातारण कर्ज, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान, डिजिटल व्यवहारांवर वर्षाला १२०० रुपयांपर्यंत कॅशबॅक, आणि पुढे २० हजार, ५० हजार. सावकाराच्या रोजच्या वसुलीपेक्षा हे कितीतरी बरं. पण ते कर्ज आहे, बुडालेल्या कमाईची भरपाई नाही, आणि बाजार बंद असताना घेतलेलं भांडवल घरखर्चातच जातं, मग हप्ता तसाच उभा राहतो.

कोण राहून गेलं

सलूनवाले. ४ एप्रिल २०२१ च्या आदेशाने सलून आणि ब्युटी पार्लर बंद झाली, पहिल्या लाटेतही ती २८ जून २०२० पर्यंत बंद होती, आणि तरी एप्रिलच्या पॅकेजमध्ये नाभिक व्यावसायिकांसाठी थेट काही नव्हतं. शेजारच्या कर्नाटकाने मे २०२० मध्ये १६१० कोटींचं पॅकेज काढलं तेव्हा न्हावी आणि धोबी यांचं नाव घेऊन प्रत्येकी ५००० रुपये जाहीर केले होते, रिक्षा-टॅक्सी चालकांनाही तेवढेच. तमाशा आणि इतर लोककलावंतांचे तर गुढीपाडव्यानंतरचे जत्रांचे दोन हंगाम लागोपाठ गेले, वर्षाची कमाई त्याच दोन महिन्यांत होते त्यामुळे त्यांच्यासाठी ते दोन महिने नव्हते, दोन वर्षं होती. त्यांच्यासाठी सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये वेगळा निर्णय घेतला, सुमारे ५६ हजार कलाकारांना प्रत्येकी ५००० रुपये. शिवणकाम करणाऱ्या, घरगुती डबे देणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या बायका कुठल्याच यादीत नव्हत्या.

बांधकाम कामगारांचं उलट आहे. त्यांचं कल्याणकारी मंडळ आधीपासून आहे, बांधकामाच्या खर्चावरचा १ टक्का सेस (उपकर) त्यात जमा होतो, म्हणून नोंद झालेल्यांची यादीही तयार आणि पैसाही तयार होता, आणि त्यांना पहिल्या लाटेतही मदत मिळाली.

बाहेर काय झालं

ब्रिटनचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तिथे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी २६ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन लागल्याच्या आठवड्यातच, स्वयंरोजगारवाल्यांसाठी योजना जाहीर केली आणि १३ मे पासून अर्ज सुरू झाले. पहिल्या हप्त्यात आधीच्या वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ८० टक्के, तीन महिन्यांचे एकदम, कमाल ७५०० पौंड, आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत कमी-जास्त दराने एकूण पाच हप्ते. जवळपास २९ लाख लोकांना मिळून सुमारे २८ अब्ज पौंड गेले. हे जमलं कारण तिथला प्लंबर, टॅक्सीवाला, न्हावी दरवर्षी स्वतःचं टॅक्स रिटर्न भरतो, म्हणून कोणाचं किती बुडालं याचा अंदाज कर खात्याकडे तयारच होता, आणि पात्र कोण ते खात्यानेच आधी काढून लोकांना कळवलं. पण यादीची भिंत तिथेही होती. नव्याने धंदा सुरू केलेले, नफा ५० हजार पौंडांच्या वर असलेले, निम्म्याहून जास्त कमाई नोकरीतून येणारे, स्वतःची छोटी कंपनी काढून त्यातून काम करणारे, हे सगळे बाहेर राहिले. बाळंतपणाच्या रजेमुळे ज्या बायकांचा सरासरी नफा कमी दिसत होता त्यांना कमी पैसे मिळाले आणि ते प्रकरण कोर्टात गेलं.

भारतात रिक्षावाल्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खालीच असतं, त्यामुळे त्याचं रिटर्न नाही, आणि म्हणून कमाईच्या प्रमाणात मदत देणं शक्यच नव्हतं, सगळ्यांना सारखी रक्कम हाच एक मार्ग उरतो. रक्कम किती ठेवायची हा मात्र पूर्णपणे सरकारचा निर्णय होता, आणि तिथे महाराष्ट्र कर्नाटक आणि दिल्लीच्या मागे राहिला.

नंतर

केंद्राने २६ ऑगस्ट २०२१ ला असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू केलं, ज्यात १६ ते ५९ वयाचे स्वयंरोजगारवालेही आधार आणि बँक खात्यासकट नाव घालू शकतात. राज्यात रिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळाची मागणी रिक्षा संघटना कोरोनाच्या कितीतरी आधीपासून करत होत्या, ते मंडळ २०२४ मध्ये धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाने स्थापन करायचा निर्णय झाला.