रात्रीची दोन घटका मौज: मराठीत सायन्स सोपं करून सांगण्यामागची गोष्ट

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९० च्या दशकात आकाशातल्या ताऱ्यांवर एक पुस्तक लिहिलं, ज्योतिर्विलास, आणि त्याला जोडून दुसरं नाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. मला हे नाव फार आवडतं. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे जेवणं उरकली की पाऊण तास अंगणात बसायचं आणि वर बघायचं, बास. हे दीक्षित म्हणजे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारे मास्तर, १८९६ मध्ये ज्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा जाडजूड इतिहास छापून आला तेच. एवढा अधिकारी माणूस वाचकाला आधी मौज देऊ करतो, ज्ञान आपोआप मागून येतंच.

त्याच्या आधीही मराठीत सायन्स होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये मुंबईत दिग्दर्शन मासिक काढलं, पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी वेगवेगळ्या शास्त्रांची मूलतत्त्वं मराठीत आणली. पण त्यातलं बरंचसं इंग्रजीवरून घेतलेलं, आणि शाळेत जाणाऱ्यासाठी.

खरी अडचण शब्दांची. ऑक्सिजनला काय म्हणायचं? प्राणवायू म्हटलं. आता आयुर्वेदात प्राण, अपान, व्यान, उदान, समान असे पाच वायू आधीच ठाण मांडून बसलेत, त्यातलाच एक शब्द उचलून एका मूलद्रव्याला दिला, म्हणजे वाचकाच्या डोक्यात दोन अर्थ एकाच खोलीत राहायला लागले. तरी शब्द टिकला. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुण्यात बेडसाठी धावाधाव चालली होती तेव्हा पेपरात हेडिंग प्राणवायूचं आणि फोनवर सगळे ऑक्सिजन ऑक्सिजन म्हणत होते, कुणालाही त्यात काही खटकलं नाही. माझं मत असं की दोन्ही राहू देत, जो शब्द वाचकाच्या तोंडात आहे तो घ्या आणि पुढे चला. शब्द शुद्ध आहे का यावर वाद घालण्यात आपल्याकडे फार वर्षं गेली.

पुढचा मोठा टप्पा पुण्यातलाच. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड, त्यातला प्रस्तावनेचा एक अख्खा खंड विज्ञानाच्या इतिहासाला दिलेला. मग १९२८ मध्ये सृष्टिज्ञान मासिक निघालं, प्राध्यापक गो. रा. परांजपे त्याच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. कॉलेजात इंग्रजीतून फिजिक्स शिकवायचं आणि घरी येऊन तेच मराठीत लिहायचं, ते सुद्धा दर महिन्याला, हे काम किती कष्टाचं आहे ते एकदा करून बघितल्याशिवाय कळत नाही. १९४४ मध्ये आकाशनिरीक्षणाची आवड असलेल्यांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात सुरू झाली, लहानपणी टिळक स्मारकच्या गच्चीवर रांगेत उभं राहून मी त्यांच्याच दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली, नखाएवढी, पिवळसर, थोडी हलणारी, आणि शेजारी उभे असलेले काका ती कडी कशाची बनलीय ते दगड आणि बर्फ असल्या दोन शब्दांत सांगत होते. दीक्षितांची मौज ती हीच.

१९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप नावाच्या माणसाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली आली. जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. आपल्या नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून टोपणनाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. जगात मान असलेला शास्त्रज्ञ मराठीत लिहिताना नवशिका म्हणून रांगेत उभा राहतो, याचा मराठी लेखकांवर झालेला परिणाम मला त्या कथेहूनही मोठा वाटतो.

मंगलाताई स्वतः गणितज्ञ. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष असताना २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीने साठ तीन असं वाचायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला, विषय विधानसभेत गेला. पण मुद्दा साधा होता: ६३ लिहिताना आधी सहा, म्हणताना मात्र आधी तीन, आणि सात वर्षांचं पोर तिथेच अडखळतं. त्र्याण्णव तर जोडाक्षरांमुळे बोलायलाच जड. पोराच्या जागी बसून विचार करायचा, विज्ञान सोपं करून लिहिणाऱ्यालाही रोज हेच करावं लागतं, आणि त्याबद्दल बाईंना जे ऐकून घ्यावं लागलं त्याचं मला आजही वाईट वाटतं.

१९८८ मध्ये नारळीकरांच्या पुढाकाराने पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या पोरांसाठी व्याख्यानं व्हायची. व्याख्यान संपलं की पोरं वह्या पुढे करून सही मागायची, तर नारळीकर सर सही देत नसत, म्हणायचे पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. पोरं खरोखर पाठवायची, आणि पोस्टमन उत्तर घेऊन यायचा. पोस्टकार्डावर जागा ती केवढी, पण तारे का लुकलुकतात याचं उत्तर तेवढ्या जागेत बसतं, आणि खाली सहीलाही दोन बोटं उरतात.