रेल्वेचे निळे डबे भंगारात का निघतात?

मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याच्या फलाटावर जुन्या डब्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "शकुंतलेचं लोखंड पहा भाऊ, शंभर वर्षं टिकलं. अन् हे निळे डबे पंचवीस वर्षांत भंगारात काढून राहिले!" शकुंतला म्हणजे इंग्रजांच्या काळात टाकलेली इथली अरुंद रुळांची रेल्वे. इंग्रजांचं लोखंड अस्सल आणि आपलं भेसळीचं, असा त्याचा रोख असतो. ही समजूत चुकीची आहे.

शकुंतलेचे जे रूळ आपण पाहतो ते भरीव आणि जाड आहेत. त्यावरून एक मिलिमीटर लोखंड गंजून गेलं तरी रुळाला फारसा फरक पडत नाही. निळ्या डब्याच्या भिंतीचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा. तिथून एक मिलिमीटर गेलं की निम्मा पत्रा संपला. शिवाय हा पत्रा नुसता आडोसा नसतो. चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून स्विस आराखड्यावर जे हे डबे बनत गेले, त्यांत तळ, भिंती आणि छत मिळून एकच नळी होते आणि सगळा भार ती सगळी मिळून पेलते. तळाची कड गंजली की अख्ख्या डब्याची ताकद कमी होते. म्हणूनच या डब्यांचं आयुष्य २५ वर्षं धरलेलं आहे.

बाहेरून रंग चकचकीत असतो, म्हणून लोकांना वाटतं की धडधाकट डबा मोडीत काढला. गंज लागतो तो न दिसणाऱ्या जागी: शौचालयाच्या खाली, दारापाशी, आणि भिंत जिथे तळाला मिळते त्या सांध्यात. ओली धूळ तिथे साचते आणि वाळत नाही.

आता गंमत पाहा. गंजायला ऑक्सिजन लागतो हे आपण सातवी-आठवीत शिकतो. मग जिथे ऑक्सिजन भरपूर तिथे लोखंड जास्त झिजायला हवं. प्रत्यक्षात उलटं घडतं. सांध्यात साचलेल्या चिखलाखाली ऑक्सिजन पोचत नाही, आणि पत्रा नेमका तिथेच सर्वात जास्त खाल्ला जातो. कारण गंजणं ही एक विद्युत-क्रिया आहे आणि तिचे दोन भाग दोन वेगळ्या ठिकाणी चालू शकतात. चिखलाखालचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून आयन बनतं आणि पाण्यात उतरतं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच वाहत बाहेरच्या हवेशीर भागाकडे जातात, आणि तिथे ऑक्सिजन आणि पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड आयन बनवतात. म्हणजे पत्रा स्वतःच विद्युतघट होतो: हवेशीर भाग ऋणाग्र, कोंडलेला भाग धनाग्र. धनाग्राशी लोखंडाचे धन आयन वाढले की तो भार समतोल करायला बाहेरून क्लोराइड आयन आत ओढले जातात. क्लोराइड येतं मुतातल्या मिठातून. आत लोहाचे आयन पाण्याशी क्रिया करतात, आम्ल तयार होतं, आम्लामुळे आणखी लोखंड विरघळतं, आणखी क्लोराइड आत येतं. ही क्रिया स्वतःच स्वतःचा वेग वाढवत जाते. त्यात गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट मोठं असल्यामुळे सांध्यातले पत्रे फाकतात आणि पाण्याला आणखी जागा मिळते.

हे टाळायला डब्यांसाठी कॉर्टेन जातीचं पोलाद वापरलं. त्यात थोडं तांबं, क्रोमियम आणि फॉस्फरस असतं, आणि त्यावर गंजाचाच एक घट्ट थर बसून आतलं लोखंड वाचतं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे त्यामागेही लोखंडातला फॉस्फरस हे मोठं कारण आहे. ना त्यात मंत्र आहे, ना हरवलेली विद्या. पण हा थर बसायला पत्रा भिजून पुन्हा वाळावा लागतो. भिंतीचा उघडा भाग विदर्भाच्या उन्हात पटकन वाळतो. शौचालयाखालचा सांधा वाळत नाही, म्हणून तिथे चांगलं पोलादही हरतं.

आपल्याकडे शनीसाठी घोड्याच्या नालेची अंगठी घालतात. अंगठीखाली बोट काळं पडलं की पीडा उतरली, असं सांगणारे भेटतात. तिथे कोंडलेला घाम आहे, घामात मीठ आहे, आणि वर सांगितलेलीच क्रिया चाललेली आहे. बोटाचा डाग डब्याच्या गंजाचा सख्खा भाऊ आहे. गरिबाने त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

भंगारात निघालेल्या डब्याच्या सीटा, पंखे, वायरी, लाकडी फळ्या आधी निघतात. मग गॅस कटर येतो, आणि या अवजाराबद्दलही मोठा गैरसमज आहे. ज्योत लोखंड वितळवून कापते असं वाटतं. खरं तर ज्योत लोखंडाला सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत फक्त लालभडक तापवते. मग कारागीर कळ दाबतो, शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि लोखंड जळू लागतं. त्या जळण्याची उष्णता पुढचं लोखंड तापवते. जळून जे ऑक्साइड बनतं ते १४०० अंशांच्या आतच वितळतं, लोखंड मात्र १५३८ अंशांना. म्हणून ऑक्साइड पातळ होऊन झोताबरोबर उडून जातं आणि स्वच्छ फट पडते. लोखंड आणि ऑक्सिजन यांचं जे मीलन शौचालयाखाली वर्षानुवर्षं रेंगाळत चाललं होतं, तेच इथे काही सेकंदांत उरकतं.

जुन्या आराखड्याचे डबे बनवणं २०१८ मध्ये थांबलं. म्हणजे शेवटच्या डब्यांची पंचविशी २०४३ मध्ये भरेल. काही त्याआधीच मोटारी वाहायला लावले जातात. खिडक्या बंद केलेले असे डबे वर्ध्याहून जाताना दिसतात. त्यांच्या जागी आलेल्या एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन आराखड्याच्या, डब्यांच्या भिंती आणि छत स्टेनलेसचं आहे. त्यातल्या क्रोमियमचं ऑक्साइड २४०० अंशांच्याही वर वितळतं. ते वाहून जात नाही, कापाच्या तोंडाशी झाकण बनून बसतं आणि खालचं लोखंड जळूच देत नाही. नेहमीचा गॅस कटर तिथे निरुपयोगी, प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेने तापवलेल्या वायूच्या झोताने धातू वितळवून कापणारं यंत्र, लागतो.

हे डबे मोडीत निघतील तेव्हा भंगारवाल्याची लोहचुंबकाची परीक्षाही फसेल. चुंबक चिकटला की साधं लोखंड, नाही चिकटला की स्टेनलेस, असा त्याचा हिशेब. पण या डब्यांच्या भिंतींचं स्टेनलेस फेरिटिक जातीचं आहे, त्यात निकेल जवळजवळ नसतं, आणि त्याला चुंबक चिकटतो. क्रोमियमवालं हे भंगार साध्या लोखंडाच्या ढिगात गेलं तर विकणाऱ्याला भाव कमी मिळेल आणि सळईच्या भट्टीत नको असलेलं क्रोमियम उतरेल. वेगळं काढायचं तर ठिणगीचा रंग पाहणं किंवा मिश्रधातू ओळखणारं यंत्र लावणं, हेच मार्ग आहेत.