फूल सपाट नसतं: जवळून फुलं टिपण्यामागची पार्श्वभूमी

गणपतीसाठी तोडलेलं जास्वंदीचं एक फूल बाजूला काढून, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, अगदी जवळून त्याचा फोटो काढायला बसलं की पहिल्याच मिनिटाला अडायला होतं. पाकळ्यांच्या मधून जो दांडा बाहेर झेपावतो, त्याच्या टोकाला पाच मखमली लाल बोंडं असतात. ती फुलाची कुक्षी, म्हणजे परागकण धरणारा भाग. फोकस तिच्यावर धरला तर तिच्यावरची लव मोजता येईल इतकी स्वच्छ दिसते, पण बोटभर मागच्या पाकळ्यांचा नुसता लाल धूर होतो. पाकळ्यांच्या शिरा धरल्या की ती पाच बोंडं विरघळून जातात.

याचं कारण साध्या गणितात आहे. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा 35 मिलिमीटर फिल्मवर किंवा तेवढ्याच आकाराच्या डिजिटल (फुल-फ्रेम) सेन्सरवर घ्यायची, म्हणजे 1:1 प्रमाणात, तर एफ/8 ॲपर्चरला (ॲपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते बारीक) स्पष्ट दिसणारा थर जेमतेम 1 मिलिमीटर जाड असतो. एफ/16 ला तो 2 मिलिमीटर होतो. ॲपर्चर आणखी बारीक करत जावं तर उजेड आटतो, एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, लांबतं, तेवढ्यात फूल हलतं, आणि एका मर्यादेपलीकडे प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना तो पसरतो म्हणून, सगळंच मऊ पडायला लागतं. फुलांच्या क्लोज-अपचा इतिहास मला या एका मिलिमीटरशी घातलेल्या झटापटीचा इतिहास वाटतो. आणि या झटापटीत सुरुवातीला उतरलेले बरेच जण सौंदर्याच्या शोधात निघालेलेच नव्हते. कुणाला वनस्पतींची नोंद ठेवायची होती, कुणाला कापडाची नक्षी हवी होती, कुणाला वर्गात शिकवायचं होतं.

इंग्लंडमध्ये वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी हा प्रश्न सोडवला तो लेन्सच बाजूला ठेवून. शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये सायनोटाइपची पद्धत शोधली होती. लोहक्षाराचं द्रावण लावलेला कागद, त्यावर झाड, वर काच, आणि मग ऊन. कागद पाण्यात धुतला की ऊन लागलेली जागा गडद निळी होते आणि झाडाची आकृती पांढरी उरते. इमारतींच्या नकाशांना आपण ब्लू प्रिंट म्हणतो, ती पुढे याच रसायनातून आली. ॲटकिन्स यांनी 1843 पासून समुद्रशैवालांचे असे ठसे पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली. पुढे 1850 च्या दशकात ॲन डिक्सन या मैत्रिणीबरोबर त्यांनी नेचे (फर्न) आणि फुलझाडंही केली. त्यातला खसखशीच्या फुलाचा ठसा पाहिला की पाकळीचा पातळपणा कळतो, कारण जिथे पाकळी एकेरी तिथून थोडा उजेड आरपार गेलेला असतो. फूल मात्र चेपलेलं, पुस्तकात ठेवलेल्या पिंपळपानासारखं. त्याची खोली पहिल्याच पावलाला सोडून दिलेली.

कॅमेऱ्यासमोर फुलं आली ती फ्रान्समध्ये, मुलूझ या कापडगिरण्यांच्या गावातून. अदोल्फ ब्रॉन हे तिथले कापडाच्या नक्षीचे डिझायनर. नक्षीकारांना समोर ठेवून काम करता यावं म्हणून त्यांनी 1850 च्या दशकाच्या मध्याला फुलांचे सुमारे तीनशे फोटो काढले. गुच्छ, डहाळ्या, माळा असं सगळं त्यात आहे. आजच्या अर्थाने ते क्लोज-अप नव्हेत, पण चौकटभर फक्त फूल ही कल्पना तिथे रुजली. त्या काळी फिल्मच्या जागी असलेल्या काचप्लेटला निळा उजेड तेवढा कळायचा, लाल-पिवळा जवळपास कळतच नसे. म्हणजे झेंडूचं ताट तिच्यापुढे ठेवलं असतं तर फोटोत काळवंडलेलं आलं असतं. 1873 मध्ये जर्मन फोटो-रसायनतज्ज्ञ हर्मान फोगेल यांनी रंगद्रव्यं मिसळून प्लेटला हिरव्या-पिवळ्या उजेडाची जाण आणता येते हे दाखवलं, तेव्हा कुठे फुलांच्या उजळ-गडदपणाचा फोटोत खरा मेळ बसू लागला.

आणि मग कार्ल ब्लॉसफेल्ट. या विषयात माझ्या मनात सगळ्यात वरची जागा त्यांची आहे.

जन्म 1865 चा, जर्मनीतल्या हार्त्स डोंगररांगेतला. पोरवयात ते लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी करत होते. तिथे जाळ्या-फाटकांवर पानाफुलांची नक्षी ओतली जायची. पुढे त्यांनी बर्लिनच्या कलाशाळेत तीस वर्षांहून जास्त काळ जिवंत झाडांवरून आकार घडवायला शिकवलं. अडचण अशी की वर्गात आणलेलं झाड दुपारपर्यंत मान टाकतं, आणि कळीची नखाएवढी घडी मागच्या बाकावरून दिसत नाही. म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि तोही स्वतःच तयार केलेला: लाकडी पेटी, लोहाराच्या भात्यासारखा लांब ताणता येणारा भाता, काचेच्या प्लेटा.

त्या भात्याची किंमत उजेडात मोजावी लागते. लेन्स प्लेटपासून जितकी लांब न्यावी तितकं फूल मोठं दिसतं, पण तोच उजेड तितक्या मोठ्या जागेवर पसरतो. 1:1 ला तो चौथाई उरतो. दहापट मोठं करायचं तर शंभरपटीहून जास्त पातळ होतो. त्यात खोली मिळवण्यासाठी ॲपर्चर बारीक केलेलं. त्यामुळे ब्लॉसफेल्ट यांचं एकेक एक्स्पोजर कित्येक मिनिटं चालायचं. झाड तोडून आणायचं, नको ती पानं छाटायची, मागे पांढरा नाहीतर करडा पुठ्ठा, एका बाजूने खिडकीचा मऊ उजेड, आणि मग थांबायचं. फुलदाणीतल्या उंची फुलांकडे ते फारसे गेले नाहीत. रस्त्याकडेचं, रूळांच्या बांधावरचं रानगवत त्यांना पुरायचं. उमललेल्या फुलापेक्षा कळी, कोंब, भोपळ्याच्या वेलीचा ताणा यांच्यावर त्यांचा जीव जास्त. नेच्याचा गुंडाळलेला कोंब त्यांच्या फोटोत धर्मगुरूच्या वाकड्या मुठीच्या दंडासारखा दिसतो, आणि उजेड असा पडलेला असतो की बोट फिरवलं तर गोलाई लागेल असं वाटतं. काही फोटोंत मूळ वस्तू पंचवीस-तीस पट मोठी केलेली आहे.

असे हजारो फोटो वर्षानुवर्षं शिकवण्याचं साहित्य म्हणूनच पडून होते. बर्लिनचे कलादालनवाले कार्ल नीरेनडॉर्फ यांनी ते पाहिले आणि 1926 मध्ये प्रदर्शन भरवलं. 1928 मध्ये 120 चित्रांचं ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे ‘कलेची आदिरूपं’, हे पुस्तक आलं आणि साठी उलटलेला हा मास्तर एकदम नावारूपाला आला. चार वर्षांनी, 1932 मध्ये, ते गेले.

ब्लॉसफेल्ट बर्लिनमध्ये शिकवत होते त्याच काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये इमोजेन कनिंगहॅम परसात फुलं टिपत होत्या. त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर, ड्रेस्डेनला जाऊन फोटोच्या रसायनांचा अभ्यास करून आलेल्या. पण घरात तीन लहान मुलगे, त्यातले दोघे जुळे. बाहेर जाऊन काम करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी अंगणात जे उगवलं तेच कॅमेऱ्यासमोर घेतलं. चूल आणि मूल सांभाळून मिळालेल्या फटींमधून 1925 चा त्यांचा मॅग्नोलियाचा फोटो आला. देठ नाही, पान नाही, चौकटभर फक्त फुलाचा गाभा. पाकळ्यांवरच्या बारीक छाया आणि मधला पुंकेसरांचा झुपका दोन्ही स्पष्ट. 1932 मध्ये ज्या छायाचित्रकारांच्या गटात त्या सामील झाल्या त्याचं नावच ‘एफ/64’ होतं, मोठ्या कॅमेऱ्यावरच्या अगदी बारीक ॲपर्चरवरून घेतलेलं. जवळचं-लांबचं सगळं धारदार दिसायला हवं, हा त्यांचा आग्रह त्या आकड्यात आहे.

पुढची यंत्रांची गोष्ट लवकर आटोपते. छोट्या 35 मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी खास जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स 1955 मध्ये आली, जर्मन लेन्स बनवणारे हाइन्त्स किलफिट यांची. पुढच्याच वर्षी जपानमध्ये निकॉनने मायक्रो-निक्कोर काढली. ती फुलांसाठी नव्हतीच. कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवताना जपानी लिपीतल्या कांजी चित्राक्षरांचे दाट फराटे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती बनवली होती. चित्रलिपी वाचायला केलेली काच पुढे परागकण पाहायला लागली, हे मला फार आवडतं. या शतकात फोकस स्टॅकिंग आलं: फोकस केसभर सरकवत वीस-तीस फोटो काढायचे आणि संगणकावर त्यांचे धारदार थर एकावर एक जुळवायचे. ब्लॉसफेल्ट यांना जे मिनिटांच्या एक्स्पोजरने मिळायचं, त्याहून जास्त खोली यात मिळते.

पण त्याला फूल स्थिर लागतं, आणि आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात लोक जिथे मॅक्रो लेन्स घेऊन जातात तिथे ते कधीच स्थिर नसतं. साताऱ्याजवळचं कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अशा सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यांवर, मातीचा थर बोटभर, त्यामुळे फुलंही बोटभर उंचीची. सीतेची आसवं हे जांभळट फूल तर करंगळीच्या नखाएवढं. इथे ब्लॉसफेल्ट यांची पद्धत चालत नाही. फूल तोडायचं नाही, आखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण एका फुलासाठी गुडघा टेकला तर त्याखाली दहा चिरडतात. म्हणून वाटेवरच्या ओल्या कातळावर प्लॅस्टिक अंथरून पालथं पडायचं, कोपर रोवायचं आणि वाऱ्याची वाट पाहायची. वारा पडतो तो दोन श्वासांपुरता. तेवढ्यात वीस फोटो होत नाहीत, एकच होतो. तो एक मिलिमीटर कुठे ठेवायचा, मागे दुमडलेल्या शेपटीवर की पुढे झुकलेल्या पाकळीच्या कडेवर, हे वारा पडायच्या आधीच ठरवून ठेवावं लागतं. मी बहुतेक वेळा पाकळीची कड धरते. तिच्यावर दव असतं.