डाळीला मोड येत नाहीत

गेल्या आठवड्यात एक संदेश फिरत फिरत माझ्या फोनवर आला: मोड आणले की कडधान्यातलं प्रोटीन दुप्पट होतं. खाली हिरव्यागार मुगाचा फोटो आणि हात जोडलेले. पाठवणाऱ्या काकूंचा हेतू चांगलाच होता, पण गणित जुळत नाही. प्रोटीन बनवायला नायट्रोजन लागतो. फडक्यात बांधून ठेवलेल्या मुगाला पाण्याशिवाय काही मिळत नाही, मग वाढीव नायट्रोजन येणार कुठून? कोरड्या मुगात शंभर ग्रॅममागे साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं. मोड आल्यावर दाणा पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या मोडांत ते उलट बरंच कमी भरतं.

पण त्या पुरचुंडीत एक गोष्ट खरोखर नव्यानं जन्माला येते, आणि तिच्याविषयी संदेशात अवाक्षरही नव्हतं. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य असतं. दोन दिवसांचे मोड आले की शंभर ग्रॅमला दहा-पंधरा मिलिग्रॅम मिळतं. हा आकडा कुणाला मोठा वाटणार नाही. मला मात्र तो पाहिला की दरवेळी कुत आठवतं.

कुत-अल-अमारा हे इराकमधलं, टायग्रिस नदीच्या वळणातलं गाव. पहिल्या महायुद्धात बगदादवर चालून गेलेली ब्रिटिश-हिंदी फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतर मागे फिरली आणि या गावात येऊन थांबली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्की सैन्यानं वेढा आवळला. तो सुटला २९ एप्रिल १९१६ ला, शरणागतीनं. या फौजेचं नावच सहावी ‘पूना’ डिव्हिजन, सेनापती चार्ल्स टाउनशेंड. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची मुलं. साताऱ्याजवळचं अपशिंगे त्या महायुद्धात इतके शिपाई देऊन बसलं की त्याच्या नावालाच पुढे ‘मिलिटरी’ चिकटलं. आपल्याकडच्या कित्येक गावांत, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत, ‘या गावातून इतके जण महायुद्धावर गेले’ अशी दगडी पाटी अजून आहे. त्यातल्या एखाद्या पाटीसमोर उभं राहिलं की माझ्या मनात लढाईच्या आधी जेवणाचा प्रश्न येतो. ही माणसं तिथे रोज काय खात होती?

कुतमध्ये एकाच वेढ्यात दोन चुली होत्या. गोऱ्या सैनिकांचा शिधा म्हणजे पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस, आधी डब्यातलं, मग फौजेच्याच घोड्या-खेचरांचं. हिंदी शिपायांचा शिधा म्हणजे आटा, डाळ, तूप, पुढे पुढे जवाचं पीठ. आणि आजारही दोन झाले. गोऱ्यांमध्ये बेरीबेरी दिसू लागला: पाय सुजणं, बधिर होणं, हृदय थकणं. हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही: हिरड्या सुजून रक्ताळणं, पोटऱ्या दगडासारख्या कडक होणं, साधी जखमही न भरणं. गोऱ्यांना स्कर्व्ही जवळपास नाही, हिंदी शिपायांना बेरीबेरी नाही. वैद्यकीय प्रमुख कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी हे टिपून ठेवलं. प्रयोगशाळेतही इतकी स्वच्छ विभागणी क्वचित पाहायला मिळते, आणि इथे तर ती माणसांवर, कुणाच्याही मनात नसताना घडली होती.

बेरीबेरीचं कोडं सोपं आहे. त्यावर उपाय असलेलं ब१ जीवनसत्त्व गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात असतं. मैदा करताना ते गिरणीतच मागे राहतं, आट्यात टिकतं. मैदा संपत आला, गोऱ्यांच्या पावात आटा आणि जवाचं पीठ मिसळावं लागलं, आणि टंचाईनंच त्यांचा बेरीबेरी घालवला.

स्कर्व्हीपाशी मात्र मला थांबायचं आहे, कारण त्यामागची यंत्रणा मला शरीरातल्या सगळ्या यंत्रणांत सुंदर वाटते.

आपलं शरीर ज्यानं बांधलेलं आहे ते प्रोटीन म्हणजे कोलॅजेन. कातडी, हाडं, दातांची मुळं धरून ठेवणारे तंतू, रक्तवाहिन्यांच्या भिंती, जखमेची खूण, सगळीकडे तेच. त्याची रचना तिपेडी वेणीसारखी असते. तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती घट्ट वळलेल्या. साखळीचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. प्रत्येक साखळीत दर तिसरा मणी ग्लायसिन नावाच्या आम्लाचा, कारण वेणीच्या गाभ्यात एवढा लहान मणीच मावतो. उरलेल्या दोन जागांवर बऱ्याचदा प्रोलीन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. साखळी तयार झाल्यावर, पण वेणी घालण्याआधी, एक विकर (एन्झाइम) त्यातल्या अनेक प्रोलीनांना ऑक्सिजन-हायड्रोजनची एक छोटी जोडी चिकटवतं. मग त्याला हायड्रॉक्सिप्रोलीन म्हणतात.

या बारीकशा जोडीनं काय बिघडतं किंवा सुधारतं? तूप थंडीत थिजतं आणि उन्हात पातळ होतं, तसंच कोलॅजेनच्या वेणीलाही उलगडण्याचं एक तापमान असतं. जोडी बसवलेली वेणी सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत टिकते. न बसवलेली २४ अंशांच्या आसपासच सुटते. आपलं शरीर ३७ अंशांवर चालतं. म्हणजे ती जोडी नसेल तर आपल्या अंगात कोलॅजेनची वेणी पडूच शकत नाही. पेशी अशा सुट्या साखळ्या बाहेर न पाठवता आतच मोडून टाकते.

जोडीमुळे वेणी घट्ट का होते, यावरही बरंच डोकं खाजवलं गेलं. तिच्यामुळे पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये पुलासारखे अडकतात, असा बराच काळ समज होता. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रोनाल्ड रेन्स यांच्या गटानं त्या जागी फ्लोरिनचा अणू बसवून पाहिला. फ्लोरिन पाण्याचे पूल धरून ठेवण्यात अगदी कच्चा. तरी वेणी आणखी घट्ट झाली! म्हणजे खरं काम पुलांचं नव्हे. प्रोलीनचं कडं पाच कोनांचं असतं आणि ते एका किंवा दुसऱ्या बाजूला किंचित दुमडतं. ऑक्सिजन किंवा फ्लोरिनसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा अणू त्या कड्याला वेणीसाठी सोयीच्या बाजूलाच दुमडून ठेवतो. पेड आधीच योग्य वळणावर असले की वेणी पटकन पडते आणि सुटत नाही.

आता क जीवनसत्त्व. जोडी चिकटवणाऱ्या विकराच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. काम करताना मध्येच कधीतरी तो एक इलेक्ट्रॉन गमावतो, गंजल्यासारखा होतो, आणि विकर बंद पडतं. क जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन परत देतं. इथे एवढंच त्याचं काम. लोहाची दुरुस्ती थांबली की जोड्या बसत नाहीत, वेणी पडत नाही, आणि माणूस शिवणीवर उसवू लागतो. हिरड्या आधी, कारण तिथे रोज घासाघीस होते आणि तंतू सतत नवे विणावे लागतात. मग केसांच्या मुळांशी रक्ताचे ठिपके. मग जखमा.

जुन्या जखमासुद्धा. १७४० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या जहाजावरच्या एका म्हाताऱ्या सैनिकाला ५० वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत झालेल्या जखमा स्कर्व्हीत पुन्हा उघडल्याची नोंद आहे. लढाई १६९० ची! पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. बरी झालेली जखम म्हणजे संपलेली गोष्ट, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जखमेच्या खुणेतलं कोलॅजेन सतत झिजतं आणि सतत विणलं जातं. विणणं थांबलं की झीज तेवढी उरते.

दुसऱ्या महायुद्धात हेच इंग्लंडमध्ये शेफील्डला मोजून पाहिलं गेलं, तेही शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेल्या शांततावादी तरुणांवर. लढणार नाही, पण उपयोगी पडू, म्हणून ते आपणहून पुढे आले होते. जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांच्या देखरेखीखाली १९४४ ते १९४६ या काळात वीस जणांवर हा प्रयोग झाला. दहा जणांना क जीवनसत्त्वाशिवायचा आहार. सहा ते आठ महिन्यांत त्यांना स्कर्व्हीची लक्षणं दिसू लागली. मांडीवर मुद्दाम केलेल्या छोट्या जखमा भरेनात आणि आधी भरलेल्या खुणा लाल-जांभळ्या झाल्या. काही जण गंभीर आजारी पडले. ज्यांना दिवसाला फक्त १० मिलिग्रॅम मिळत होतं, त्यांना मात्र काहीच झालं नाही.

दहा मिलिग्रॅम! २०२० साली हजार-हजार मिलिग्रॅमच्या गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या, त्या मला इथे हटकून आठवतात. एवढ्या मात्रेतलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं, आणि नेहमीच्या माणसाची सर्दी त्यानं टळते असा पुरावा नाही. लोहाचा अणू दुरुस्त झाला की झाला. त्याला शंभरपट दुरुस्त करता येत नाही.

पुन्हा कुतकडे. साताऱ्याच्या घरी भाकरीबरोबर कांदा आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या खाल्ल्या तरी या मुलांचे दहा मिलिग्रॅम जवळपास भरत होते. शिध्यात यातलं ताजं काही नव्हतं, आणि वाळलेल्या लाल मिरचीत क जीवनसत्त्व फारसं उरत नाही. गोऱ्यांना ते थोडंसं मिळालं घोड्याच्या ताज्या मांसातून. घोडा स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व बनवतो. आपण बनवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं जनुक माणसाच्या पूर्वजांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच निकामी झालं. गिनीपिगमध्येही ते निकामी आहे, आणि म्हणूनच १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांना त्या प्राण्यात स्कर्व्ही घडवता आली.

हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी घोड्याचं मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेनं परवानगी मागवली गेली आणि शेवटच्या आठवड्यांत बऱ्याच जणांनी ते खाल्लं, पण तोवर उशीर झाला होता. यावरून ‘धार्मिक हट्टामुळे शिपाई आजारी पडले’ असा निष्कर्ष काढला जातो. तो मला मान्य नाही. वेढ्याबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला सुटकेसाठी झगडणाऱ्या फौजेत घोडे खायची वेळ आली नव्हती, आणि तिथेही १९१६ मध्ये हिंदी शिपाई हजारोंनी स्कर्व्हीनं आजारी पडले. दोष शिपायाच्या श्रद्धेत नव्हता, त्याच्या शिध्यात होता. त्या काळी शांततेत हिंदी शिपायानं आपल्या पगारातून आपलं खाणं भागवायचं, मोफत शिधा १९१७ पासून सुरू झाला. त्याच्या ताटात भाजी कुठून येते, याचा विचार कागदावर कुणी कधी केलाच नव्हता.

गावात अडकलेले सुमारे सहा हजार अरब रहिवासीही होते. त्यांनी काय खाल्लं याची नोंद शिध्याच्या वहीत सापडत नाही.

सगळ्यात जास्त मला हळहळ वाटते ती डाळीची. डाळ होती! पण डाळ म्हणजे भरडलेला, साल काढलेला दाणा. भरडताना अंकुर तुटतो, दाणा मरतो, आणि मेलेल्या दाण्याला कितीही भिजवलं तरी मोड येत नाहीत. अख्खं कडधान्य जिवंत असतं. पाणी मिळताच ते श्वास घेऊ लागतं, साठवलेल्या स्टार्चची साखर करतं आणि त्या साखरेपासून क जीवनसत्त्व बनवतं. गंमत म्हणजे १७६८ साली कॅप्टन कुक स्कर्व्हीवर उपाय म्हणून जहाजावर मोड आलेले जव घेऊन निघाला होता. पण ते माल्ट होतं, मोड आणून भट्टीत वाळवलेलं, आणि त्या उष्णतेत क जीवनसत्त्व केव्हाच गेलेलं. इतकं जवळ येऊन हुकलेलं उत्तर विज्ञानात विरळाच.

उत्तर नीट मांडलं ते लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी, महायुद्ध सुरू असतानाच. गिनीपिगांना वेगवेगळे पदार्थ देऊन त्यांनी मोजलं की स्कर्व्ही कशानं किती टळते. सैन्याला जो बाटलीबंद लाइमचा, म्हणजे छोट्या कागदी लिंबाचा, रस पाठवला जात होता, तो जवळजवळ निरुपयोगी निघाला. ताज्या लेमनच्या, म्हणजे मोठ्या पिवळ्या लिंबाच्या, रसापुढे लाइमचा रस मुळातच कमजोर, त्यात साठवणीत राहिलंसाहिलंही नष्ट. उलट, मोड आलेली कडधान्यं चांगली निघाली. सर्बियन सैनिकांच्या एका इस्पितळात स्कर्व्हीच्या रुग्णांना मोड आलेला घेवडा देऊन पाहिला, तर ते लेमनचा रस घेणाऱ्यांपेक्षा मागे राहिले नाहीत.

आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह इथे होतो. आपल्या आज्या मटकीला मोड आणत होत्या चवीसाठी आणि ती पचायला हलकी होते म्हणून. स्कर्व्हीशी त्याचा संबंध कुणी जोडल्याचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. आणि जी कृती साताऱ्याच्या स्वयंपाकघरात रोजची होती ती पलटणीच्या लंगरात पोचली नाही, कारण शिध्याच्या यादीत अख्खे मूग नव्हते, डाळ होती.

चिक यांनी सैन्यासाठी सुचवलेली कृती वाचताना मला गंमत वाटली आणि घसाही दाटून आला. अख्खी कडधान्यं दिवसभर भिजवावीत. पाणी काढून ओलसर पोत्यात दोन दिवस ठेवावीत, हवा खेळती राहू द्यावी. मोड आले की लगेच वापरावीत, आणि फार वेळ शिजवू नयेत.