मिटवणं वेगळं, निस्तरणं वेगळं

"आमच्याकडे रिस्टोरेटिव्ह जस्टिसच चालतो. मुलांना मारत नाही. सॉरी म्हणायला लावतो, हात मिळवायला लावतो, विषय संपला." हे मी पालकसभेत ऐकते, शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो. याला मिटवणं म्हणतात. रिस्टोरेटिव्ह जस्टिस, म्हणजे पुस्तकी मराठीतला पुनर्स्थापक न्याय, हे निस्तरणं आहे.

शिक्षेबद्दल लिहीत बसत नाही. अंगठे धरायला लावणं, वर्गाबाहेर उभं करणं आपल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. बालन्याय कायद्यातल्या 'रिस्टोरेशन' या शब्दानेही गोंधळू नका. तिथे त्याचा अर्थ मुख्यतः मुलाला त्याच्या कुटुंबाकडे किंवा पालकाकडे परत सोपवणं हा आहे.

खरी गफलत मिटवणं आणि निस्तरणं यांत होते, कारण दोन्हींत छडी नसते आणि दोन्हींत 'सॉरी' येऊ शकतं. पण मिटवताना मोठ्यांना शांतता हवी असते. निस्तरताना ज्याला लागलंय त्याला काय हवं, ते आधी विचारावं लागतं.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. सहावीच्या वर्गात एका मुलाकडे मधल्या सुट्टीत चार दिवस डबा दिसेना. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "रोज कसा विसरतोस रे?" पाचव्या दिवशी डबा कपाटामागे सापडला. दोन मुलं तो लपवायची आणि सुट्टी संपली की गुपचूप दप्तरात ठेवून द्यायची. मी दोघांना सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले. दोन मिनिटांत काम झालं. त्याचा हात कसा निर्जीव पुढे आला होता, ते आता आठवतं. पुढच्या आठवड्यापासून त्याने डबा आणणंच सोडलं. खिशात बिस्किटाचा पुडा असायचा.

मग त्याला एकट्याला घेऊन बसले आणि फक्त विचारलं, "या सगळ्यात तुला काय झालं?" तो म्हणाला, "बाई, मी विसरलो नव्हतो. तुम्ही सगळ्यांसमोर तसं म्हणालात. आणि डबा भरलेलाच घरी जायचा, तर आईला वाटायचं मला तिची भाजी आवडत नाही."

यातलं काहीही त्या 'सॉरी'त नव्हतं. त्याच्या आईचं वाईट वाटणं त्या दोघांच्या गावीही नव्हतं, आणि माझा वाटा तर मी धरलाच नव्हता. दोघांशी आधी वेगळं बोलले, त्यांनी केल्याचं कबूल केलं, तोही समोर बसायला तयार झाला, तेव्हाच तिघांना एकत्र बसवलं. तो बोलला, ते ऐकत राहिले. त्याला हवं होतं ते साधं होतं: आईला खरं कळावं आणि वर्गालाही. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या त्याच्या आईला दोघांनी स्वतः सांगितलं. वर्गासमोर मी बोलले. दोस्ती करा असं कोणीही म्हटलं नाही. ते तिघं आजही वेगवेगळ्या बाकांवर बसतात, पण डबा परत यायला लागला.

रिस्टोरेटिव्ह जस्टिसच्या चळवळीची सुरुवात सांगताना जी घटना सांगतात, तिचा गाभाही हाच. १९७४ साली कॅनडात, ओंटारिओतल्या एल्मायरा गावी दोन तरुणांनी २२ ठिकाणी मोडतोड केली होती. मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारोदार जाऊन भेटायला लावलं. त्यांनी भरपाई दिलीच, पण त्याआधी आपण काय करून ठेवलंय ते त्या दारात उभं राहून ऐकलं. पुढे या विषयाचे अमेरिकी अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी मांडलेले प्रश्न याच वळणाचे आहेत: कोणाला इजा झाली, त्यांची गरज काय, ती भागवणं कोणाचं काम?

"एका हाताने टाळी वाजत नाही" ही म्हण अशा वेळी कृपा करून काढू नका. डबा लपवला जातो तेव्हा टाळी एकाच हाताने वाजलेली असते. आणि तक्रार लैंगिक अत्याचाराची असेल, तर मुलांना समोरासमोर बसवायचं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे 'मिटवून टाकू' म्हणणं म्हणजे गुन्ह्यावर पडदा टाकणं आहे.

घरी हे सोपं असायला हवं, पण तिथे "तू मोठी आहेस ना, सोडून दे" आडवं येतं. धाकट्याने ताईच्या चित्रावर पाणी सांडलं, तर माफ कर म्हणून तिच्या मागे लागू नका. काय हवंय ते तिलाच विचारा. कदाचित ती म्हणेल, "कागद याने आणून द्यायचा आणि मी रंगवत असताना टेबलाजवळ यायचं नाही." मग कागद आणायला त्यालाच पाठवा, आणि टेबलाजवळ तो खरंच जात नाही ना, इकडे दोन दिवस लक्ष ठेवा.