घट्टही हवं, सोपंही हवं: मानक लिहिताना होणारी ओढाताण

औषधाच्या बाटलीचं झाकण चार वर्षांच्या मुलाला उघडता येऊ नये आणि सत्तरीच्या आजींना मात्र उघडता यावं. मानकाच्या मसुद्यात ही दोन वाक्यं शेजारी आली की समितीत वाद ठरलेला. झाकण घट्ट केलं तर संधिवाताचे हात हरतात, सैल केलं तर मूल जिंकतं. ‘मध्यम घट्ट’ हा तोडगा तर दोघांच्याही कामाचा नाही.

अशा वेळी आधी दोन्ही अपेक्षा मोजता येतील अशा कराव्या लागतात. अमेरिकेच्या नियमात ४२ ते ५१ महिन्यांची, जास्तीत जास्त २०० मुलं जोडीजोडीनं बसवतात. ५ मिनिटं त्यांची स्वतःची खटपट. मग परीक्षक न शिकवता झाकण फक्त उघडून दाखवतो आणि आणखी ५ मिनिटं देतो. आता दात वापरायलाही मुभा! पहिल्या टप्प्यात किमान ८५ टक्के आणि दोन्ही टप्पे मिळून किमान ८० टक्के मुलांना झाकण उघडता येता कामा नये. दुसरीकडे ५० ते ७० वर्षांची १०० माणसं. पहिल्यांदा ५ मिनिटं, दुसऱ्यांदा १ मिनिट. ९० जणांना ते उघडून पुन्हा नीट लावता आलं पाहिजे. शंभर टक्के कुठंच नाही. तडजोड इथं आहे आणि ती उघड आकड्यांत आहे.

पूर्वी प्रौढांची चाचणी १८ ते ४५ वयोगटावर होत असे. कागदावर झाकण उत्तीर्ण. घरात मात्र वैतागलेले वृद्ध ते लावतच नसत, आणि उघडी बाटली मुलाच्या हाती लागे. १९९५ मध्ये वयोगट बदलला. गरज बरोबर लिहिली होती, ती मोजायला माणसं चुकीची निवडली होती.

उत्तर सापडलं ते ताकदीचा मुद्दा बाजूला ठेवल्यावर. दाबून धरून फिरवायच्या झाकणाला बळापेक्षा दोन क्रियांचा मेळ लागतो. तो लहान मुलाला सहसा साधत नाही, मोठ्यांना सूचना वाचून साधतो. तरीही नियम ‘दाबा आणि फिरवा’ असं सांगत नाही, फक्त निकाल मागतो. रचनाच लिहून टाकली असती तर उद्याच्या चांगल्या झाकणाची वाट बंद झाली असती.

ताकदीऐवजी मेळ, असा वेगळा मुद्दा न शोधता नुसता मधला आकडा काढला की काय होतं, हे एटीएम या दूरसंचार तंत्रात दिसतं (पैसे काढायचं यंत्र नव्हे). माहितीच्या प्रत्येक तुकड्यात युरोपला आवाजाचा विलंब कमी राहावा म्हणून ३२ बाइट हवे होते, अमेरिकेला शीर्षाचा (तुकड्याच्या सुरुवातीला जोडलेल्या पत्त्याच्या भागाचा) वाटा कमी राहावा म्हणून ६४. ठरले ४८, त्यावर ५ बाइटचं शीर्ष, एकूण ५३. सेकंदाला ६४ किलोबिट आवाजानं ३२ बाइट ४ मिलिसेकंदांत भरतात, ४८ ला ६ लागतात. म्हणजे प्रतिध्वनी टाळण्यासाठी हवा असलेला कमी विलंब हुकला, आणि संगणकवाल्यांच्या वाहिनीतला ९.४ टक्के वाटा कायमचा शीर्षात गेला.

शब्दांतली पळवाट आणखी घातक. मतभेद मिटेना की मसुद्यात ‘शक्यतो’ शिरतं. मग दोन उत्पादक दोन तऱ्हेचा माल करतात, दोघंही ‘मानकानुसार’, आणि एकाचं झाकण दुसऱ्याच्या बाटलीला बसत नाही. ‘असलेच पाहिजे’ आणि ‘असावे’ यांचे अर्थ मसुद्याच्या सुरुवातीलाच बांधून घ्यावेत.

चाचणीची पूर्वतयारीही कलमात हवी. प्रयोगशाळेनं स्वतः झाकण बसवलं असेल, तर अमेरिकी नियमानुसार चाचणीआधी किमान ७२ तास ते तसंच ठेवतात, कारण आतलं अस्तर दाबाखाली हळूहळू बसतं. झाकण किती जोरानं पिळलं तेही अहवालात नोंदवावं लागतं. नाहीतर मुलांसाठी घट्ट पिळलेली बाटली आणि आजींसाठी सैल बाटली, दोन्ही एकाच नावानं उत्तीर्ण होतील.