प्रोटीन कमी केल्यावर इन्सुलिनचे काय होते?

किडनीच्या डॉक्टरांनी प्रोटीन मोजून खायला सांगितले, की मधुमेह असलेल्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग माझ्या शुगरचे काय?" आमच्या आहार सल्ला केंद्रात तो इतक्यांदा येतो, की उत्तर छापूनच ठेवले आहे.

इन्सुलिन बनते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत. रक्तातले ग्लुकोज या पेशींत शिरले, की त्यापासून ऊर्जा तयार होते. त्यामुळे पेशीवरचे पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, कॅल्शियमचे उघडतात आणि साठवलेले इन्सुलिन रक्तात सुटते. मुख्य हुकूम ग्लुकोजचाच. पण प्रोटीन पचून मिळणारी अमिनो आम्ले, विशेषतः ल्युसिन आणि आर्जिनिन, त्याला जोर देतात.

उंदरांवर हे बरेच तपासले गेले आहे. आहारातले प्रोटीन 17 ते 20 टक्क्यांवरून 6 ते 8 टक्क्यांवर आणले, की त्यांच्या बीटा पेशी तेवढ्याच ग्लुकोजला कमी इन्सुलिन सोडतात. कॅल्शियम आत येणेही मंदावते. गंमत अशी, की तरीही त्यांची शुगर वाढतेच असे नाही. शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागते आणि थोडक्यात भागते. गर्भारपणात मात्र हे अंगाशी येते: आईला प्रोटीन कमी पडले, तर पिल्लांत मुळात बीटा पेशीच कमी तयार होतात. म्हणून गरोदर स्त्रिया आणि वाढत्या मुलांचे प्रोटीन कमी करायला आम्ही सुचवत नाही.

माणसांतही दीर्घ कुपोषणाशी जोडलेला मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये त्याला वेगळा प्रकार मानले, 1999 मध्ये यादीतून काढले. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप 5' म्हणून मान्यता दिली.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज साधारण 0.8 ग्रॅम प्रोटीन लागते, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. किडनीच्या आजारात मर्यादा डॉक्टर ठरवतात. डायलिसिस सुरू झाले की गरज उलट वाढते, हे पुष्कळांना माहीत नसते.

प्रोटीनची जागा पिष्टमय पदार्थांनी भरली, तर जेवणानंतरची शुगर चढते. एकूण जेवणच घटले आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पूर्वीच्याच डोसने चालू राहिली, तर शुगर उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. डोस स्वतः बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे येताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि शुगरच्या नोंदींची वही सोबत आणा.